संगणकाची धास्ती तीन वयोगटांत मोजायची आहे: एकच प्रश्नावली चालेल का?

प्रश्न
एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी १८–२५, ४०–५५ आणि ६० वर्षांपुढील असे तीन गट घेतेय, प्रत्येकी ६० जण. हाइन्सन, ग्लास आणि नाइट यांची १९८७ची, संगणकाची धास्ती मोजणारी १९ विधानांची श्रेणी मराठीत करून गुगल फॉर्मवर पाठवायची आणि अनोवा या सांख्यिकी चाचणीने तिन्ही गटांच्या सरासरींची तुलना करायची, असा बेत आहे. काही चुकतंय का?

उत्तर १
गुगल फॉर्म आधी रद्द करा. ज्यांना खरी धास्ती आहे ते लिंकच उघडणार नाहीत आणि साठीपुढच्या गटात फक्त सरावलेली माणसं उरतील. तिन्ही गटांना छापील कागदच द्या, अक्षर १६ पॉइंटचं. कुणाला वाचून दाखवावं लागलं तर तशी नोंद ठेवा, कारण समोर माणूस बसला की भीती कमी सांगितली जाते.

उत्तर २
भाषांतराकडेही बघा. प्रत्येक विधानाला १ ते ५, म्हणून एकूण गुण १९ ते ९५ असतात आणि काही विधानांचे गुण उलटे मोजायचे असतात. ‘मला भीती वाटत नाही’ यापुढे ‘असहमत’वर खूण करताना दुहेरी नकारात भलेभले गोंधळतात. त्यामुळे वाक्य होकारार्थी ठेवा: ‘मी निर्धास्तपणे वापरतो/वापरते’. उलट गुण द्यायचे राहिले तर अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) एकदम घसरतो, तेव्हा आधी तेच तपासा. दुसऱ्या जाणकाराकडून उलट भाषांतर, म्हणजे मराठीवरून पुन्हा इंग्रजी, करून घ्या. मग ज्येष्ठांपैकी आठ-दहा जणांना प्रत्येक विधानाचा अर्थ त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘संगणक’ म्हणजे मोबाइल धरायचा की नाही, हे सूचनेतच लिहा. नाहीतर तरुण एक समजतील, आजोबा दुसरंच.

उत्तर ३
सरासरींची तुलना त्यानंतर. विधानांचा अर्थ तिन्ही गटांत सारखाच लागतो का, म्हणजे मापन-समतुल्यता आहे का, हे बहुगट घटक-विश्लेषणाने पाहायचं असतं: आधी रचना (विधानांचे गट तेच पडतात का), मग भार (प्रत्येक विधानाचा धास्तीशी संबंध तेवढाच आहे का), मग छेद (धास्ती सारखी असताना विधानाला गुणही सारखेच मिळतात का). पुढच्या पायरीवर सीएफआय (मांडलेली रचना माहितीशी किती जुळते याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरला तर तिथेच थांबा. प्रत्येकी ६० जणांवर हे भरवशाचं होत नाही; २००च्या आसपास हवेत. तेवढे जमणार नसतील तर दोनच गट घ्या.

शिवाय वापराची वर्षं, आठवड्याचे तास आणि शिक्षण हे नक्की विचारा. पण अनुभव सहचल म्हणून अँकोव्हात (अनोवाच, पण दुसऱ्या घटकाचा परिणाम वजा करून) टाकला की काम झालं, असं समजू नका. वीस वर्षांचा मुलगा आणि सत्तरीच्या आजी यांचा अनुभव एकमेकांत मिसळतच नसेल, तर ती दुरुस्ती नुसती कागदावरची. त्यापेक्षा प्रत्येक गटात अनुभव आणि धास्ती यांचा संबंध वेगळा काढा. एकदाच केलेल्या पाहणीत वय आणि पिढी वेगळी करता येत नाही. निष्कर्षात ‘वयामुळे’ हा शब्द टाळा.