दादांच्या पिक्चरला हसलो म्हणजे आम्ही आंबटशौकीन?

वाकडी_वाट: काल इथं एकांनी लिहिलं की दादा कोंडक्यांचे सिनेमे आजच्या काळात थेटरात जाऊन, तेही ग्रुपनं, बघणाऱ्यांची अभिरुची गटारी आहे. आम्ही कॉलेजची जुनी मंडळी नुकतीच ‘पांडू हवालदार’च्या खेळाला जाऊन आलो, तेव्हा हा टोमणा आम्हालाच होता असं धरतो.

दादा ‘विच्छा माझी पुरी करा’ करायचे तेव्हा पांढरपेशे तिकीट काढून हसायला जायचे. कारण काय, तर ते वसंत सबनीसांचं वगनाट्य. त्याच सबनीसांना घेऊन दादांनी १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ काढला आणि तीच बतावणी अर्ध्या चड्डीत, लोंबत्या नाडीसकट पडद्यावर आली की लगेच नाकाला रुमाल! नऊ रौप्यमहोत्सव काय फक्त टवाळांनी केले? सेन्सॉरनं दुहेरी अर्थाच्या संवादावर हटकलं की दादांकडं सरळ अर्थ तयारच असायचा. दुसरा कुणाच्या डोक्यात आला, ते कात्रीवाल्यानं सांगावं.

चिंचवडची_चकली: झालं भाषण? उषा चव्हाण पडद्यावर दादांना वाजवून उत्तर द्यायची, हे मलाही आवडतं. खुर्चीत बसलेल्या बाईला ती सोय नसते. मागे एका नव्या मराठी चावट सिनेमाला ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेले होते. आमच्यातलाच एकजण प्रत्येक विनोद झाला की पडद्याकडं नाही, आम्हा बायकांकडं बघायचा. हसतायत का ते तपासायला. हसलं तर ‘ही तसली’, नाही हसलं तर काकूबाई. मध्यंतरानंतर मैत्रिणीनं मुकाट्यानं खुर्ची बदलून घेतली. हे तुमच्या बतावणीत कुठं बसतं?

तिरसट_तात्या: सहकाऱ्याच्या डोळ्यांचं बिल दादांच्या नावावर का फाडताय ताई? आमच्याकडं जत्रेच्या तंबूत मधोमध कनात असायची. बाया तिकडं, बापये इकडं. कनातीपलीकडचा हशा आमच्यापेक्षा मोठा! आमची आजी तर घरी येऊन चुलीपुढं डायलॉग म्हणायची.

चिंचवडची_चकली: कनात होती म्हणूनच हसत होत्या, तात्या. कोण हसतंय ते तुम्हाला दिसत नव्हतं ना.

खर्चाचा_हिशेब: मध्यंतराचा विषय निघालाच आहे म्हणून. आज थेटरात अश्लील काही असेल तर तो पॉपकॉर्नचा भाव. २०१८ ला मनसेनं पुण्यात राडा केला, वाटलं सुटलो. २०२३ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाहेरचं खाणं अडवायचा मालकाला हक्क आहे. मग घरचा चिवडा काय गुन्हा?

गल्लाभरू: चिवडा खा, पण घरी. माझ्या मेव्हण्याचं तालुक्याला थेटर होतं. तिकिटातला मोठा वाटा वितरक नेतो, कर आहेच, वर विजेचं बिल. समोसा विकूनच पगार निघायचे. तुमच्यासारख्या डबेवाल्यांनीच बंद पाडलं. आता तिथं मंगल कार्यालय आहे.

खर्चाचा_हिशेब: समोसा रास्त भावात होता ना? मग तुमचा मेव्हणा देवमाणूस. मी मॉलबद्दल बोलतोय. तिथं बॅग तपासणारा पोरगा माझ्या बायकोची थालीपीठं हातात धरून उभा होता, बॉम्ब सापडल्यासारखा.

तिरसट_तात्या: थालीपीठ?! अहो वास सुटतो हॉलभर! मी स्वतः हाकललं असतं.

खर्चाचा_हिशेब: चीजच्या नाचोजचा सुटत नाही वाटतं? मराठी वासाचीच लाज तुम्हाला.

गल्लाभरू: मराठीपण आता थालीपीठात आलं का? मराठीपण म्हणजे दादरचं कोहिनूर थेटर. देव आनंदच्या सिनेमापायी ‘सोंगाड्या’ला थेटर मिळेना, तेव्हा बाळासाहेबांची पोरं दादरला उतरली. आणि २०१५ ला प्राइम टाइमला मराठी लावा म्हणून सरकारला थेटरवाल्यांना सांगावं लागलं. तरी तुम्ही जाता कधी? घरी मोबाईलवर बघायचं आणि इथं येऊन भांडायचं.

वाकडी_वाट: अरे धागा माझा आहे! नाचोजचा वेगळा काढा.

चिंचवडची_चकली: राहू दे, निदान त्यात कुणी कुणाकडं बघत नाहीये. बरं, दादांना सूट दिली, जा. तुमच्या ग्रुपला नाही. होती का बरोबर एखादी बाई?

वाकडी_वाट: होत्या की दोघी. पोट धरून हसल्या.

चिंचवडची_चकली: म्हणजे बघत होतात.

वाकडी_वाट: शेजारी बसलेलं माणूस हसलं तर ऐकू येतं हो! तुमच्याशी बोलायचं म्हणजे वकील लावून यायला हवं. ठीक आहे, विचारतो त्यांना.

चिंचवडची_चकली: एकेकटीला विचारा. सगळ्यांच्या ग्रुपवर नको.

खर्चाचा_हिशेब: आणि मध्यंतरात पैसे कुणी दिले तेही विचारा.