मदत हवी आहे: स्टॉकहोममध्ये थोडे तास, कोणती गाइडेड टूर घ्यावी?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. स्टॉकहोमला जातोय, हातात फक्त काही तास आहेत. जुनं शहर बघायचंय, गाइडसकट, नाहीतर नुसत्या भिंती बघून परत येऊ. नेटवर बघून बघून डोकं आउट झालंय. एक चालत फुकटवाली, एक बोटीची, एक ती चढा-उतरा बस. सगळ्यांना साडेचार तारे! ज्यांनी स्वतः केली असेल त्यांनीच सांगा, कोणती घेऊ? 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी तसदी घेऊ नये, तेच करून इथे आलोय. आज रात्री बुकिंग करायचंय.

मुळामुठा
काही तास म्हणजे किती? महिना कुठला? कोण कोण आहात? विमानतळावरून येणार की आणखी कुठून? डिसेंबरात तिथे दुपारी तीनच्या आत सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री दहाला. 'काही तास' एवढ्यावर काय सांगणार?

अर्धविराम
जून. चौघं आहोत. हेलसिंकीहून रात्रीच्या बोटीने येतोय, संध्याकाळी तीच बोट परत. आता सांगा.

फिरस्ती
डोळे मिटून फुकटवाली घ्या. आम्ही दोन वर्षांपूर्वी केली. शेवटी मनाला येईल तेवढी टिप द्यायची, त्यामुळे गाइड जीव तोडून सांगतात. गामला स्तान म्हणजे जुन्या शहरातल्या मुख्य चौकात, स्तूरतोरियेतला नेलं. १५२० च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या ख्रिस्तियन राजाने राज्याभिषेकाच्या मेजवानीला बोलावून सरदार, बिशप, नगरशेठ अशा ऐंशीहून जास्त लोकांची तिथे मुंडकी उडवली. चौकातल्या लाल घरावर जितके पांढरे दगड, तितकी मुंडकी! अंगावर काटा आला. मग ती ९० सेंटिमीटर रुंदीची गल्ली, एका वेळी एकच माणूस जातो. दोन तास कसे गेले कळलं नाही.

दप्तरी
कत्तल खरी, दगडांची गोष्ट बनावट. ते लाल घर आजच्या रूपात १६५० च्या सुमाराचं आहे, म्हणजे कत्तलीनंतर सुमारे एकशेतीस वर्षांनी. दगड शोभेचे आहेत. टिपेवर पोट असलेला गाइड असंच सांगणार. शनिवारवाड्यात पौर्णिमेला 'काका मला वाचवा' ऐकू येतं म्हणतात, त्यातलाच प्रकार. त्या कत्तलीचा परिणाम काय झाला ते कुणी सांगत नाही. तिच्यामुळेच गुस्ताव वासाचं बंड पेटलं आणि १५२३ च्या ६ जूनला तो राजा झाला. स्वीडनचा राष्ट्रीय दिन आजही ६ जूनच आहे.

फिरस्ती
आमच्या गाइडने गुस्ताव वासाचंही सांगितलं होतं बरं का. आणि सहलीला गेलेल्या माणसाने गाइडकडे पीएचडीचं सर्टिफिकेट मागायचं का?

दप्तरी
पीएचडी नको, घर कधीचं आहे एवढं माहीत असलं तरी पुरे.

कोपनहेगनवाला
स्टॉकहोम कशाला? कोपनहेगनला जा. न्यूहाव्नहून तासाभराची कालव्याची बोट घेतली की सगळं शहर बसल्या जागी दिसतं. फक्त जलपरीची मूर्ती बघायला म्हणून जाऊ नका, सव्वा मीटरची आहे, आमच्या सौंनी विचारलं, "हीच का ती?"

अर्धविराम
तिकिटं काढून झाली आहेत हो. कोपनहेगन नकोय.

सौदामिनी_ठाणे
व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना? फिनलंडहून स्वीडन, परत फिनलंड, म्हणजे दोनदा एंट्री. शिवाय मध्यरात्री बोट आलांडला थांबते, ती तिसरी. माझ्या नणंदेला विमानतळावर याच कारणावरून खूप त्रास झाला होता.

मुळामुठा
ताई, फिनलंड, आलांड, स्वीडन सगळं शेंगेनमध्येच. एकदा आत गेलं की आतल्या आत फिरताना एंट्री मोजत नाहीत. आलांडला बोट थांबते कारण ते बेट युरोपियन युनियनच्या करकक्षेबाहेर आहे, तिथे टेकलं की बोटीवर ड्युटी-फ्री विकता येतं. दारूसाठी आहे हो तो थांबा! नणंदेचं प्रकरण वेगळं असणार.

सौदामिनी_ठाणे
असेल. पण विचारून घ्यावं.

मुळामुठा
अर्धविराम, चौघं म्हणजे कोण? हे दुसऱ्यांदा विचारतोय.

अर्धविराम
आई, बाबा, मी, मुलगी (९ वर्षं). बायकोला रजा नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालंय, पण ती व्यवस्थित चालते. बाबांना इतिहासाचं वेड. टूरचं बोला ना कुणीतरी.

मुळामुठा
गुडघा!! अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं.

सांधेदुखी
फिजिओ म्हणून सांगते, 'व्यवस्थित चालते' म्हणजे घरात की बागेत? गामला स्तानमध्ये सगळे गोटे-दगडांचे रस्ते, त्यात चढउतार. फिरस्ती म्हणतात त्या गल्लीला ३६ पायऱ्या आहेत, तिथे आईंना नेऊ नका. आणि गटाबरोबर चालताना थांबता येत नाही, तोच खरा त्रास. गाइड झेंडा उंच करून पुढे गेलेला असतो, आपण मागे धापा टाकत. काठी नेताय का? रबराचं टोपण नवीन लावून घ्या.

लाटालहरी
मग सरळ बोट. पन्नास मिनिटांची कालव्यांची फेरी असते, नाहीतर पुलांखालून जाणारी सव्वादोन तासांची. चौदा बेटांवर वसलेलं शहर पाण्यातूनच बघायचं असतं. कानाला हेडफोन, बसून ऐकायचं. आई खूश, गुडघा खूश.

फिरस्ती
रात्रभर बोट, दिवसा बोट, संध्याकाळी परत बोट! मासे आहेत का ते? आणि बोटीतून जुनं शहर दिसतं म्हणजे राजवाड्याची मागची भिंत दिसते.

लाटालहरी
त्या भिंतीमागे सहाशेच्या वर खोल्या आहेत, तुमच्या फुकट टूरमध्ये किती बघितल्यात?

गणिताचा_तास
तुम्ही भांडा. सिटी हॉल कुणीच कसा सांगितला नाही? आत फक्त गाइडबरोबरच जाता येतं, म्हणजे हवी ती 'गाइडेड टूर' आपोआप झाली. १९२३ साली उघडला, सुमारे ऐंशी लाख विटा. निळ्या दालनात निळं काही नाही, आर्किटेक्टला उघड्या विटांचा लाल रंग इतका आवडला की त्याने गिलावाच करू दिला नाही, नाव मात्र राहिलं. सोनेरी दालनात १ कोटी ८० लाख मोझॅकचे तुकडे. आपल्या अभिजित बॅनर्जींनी २०१९ मध्ये धोतर नेसून नोबेल घेतलं ते इथेच. त्यांची आई मराठी, पाटणकर.

दप्तरी
इथे नाही. पारितोषिक कॉन्सर्ट हॉलमध्ये देतात, सिटी हॉलमध्ये मेजवानी असते. बाकी बरोबर.

गणिताचा_तास
मेजवानीलाही धोतरच असेल की.

उत्तरेकडचा
नऊ वर्षं इथे राहतोय. घरी कुणी आलं की मीच फुकटवाला गाइड, टिपसुद्धा मिळत नाही. दोन प्रश्न. बोट कुठल्या धक्क्याला लागते, वॅर्ताहाम्नेन की स्ताद्सगोर्डन? दुसऱ्यावरून जुनं शहर जवळ आहे, पहिल्यावरून मेट्रो लागते. आणि तारीख? 'जून' नको, तारीख.

अर्धविराम
तिकिटावर वॅर्ताहाम्नेन आहे. सकाळी दहाला पोचते, पावणेपाचला सुटते. शुक्रवार, १९ जून. तारखेने काय फरक पडतो?

उत्तरेकडचा
फरक पडतो! त्या दिवशी मिडसोमरची, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाची पूर्वसंध्या आहे, १९ ते २५ जूनमध्ये जो शुक्रवार येतो तो. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लक्ष्मी रोड जसा दिसेल, तसं इथलं शहर दुपारनंतर. माणसं गावी, नाहीतर बेटांवर. दुकानं, ऑफिसं, बरीच हॉटेलं बंद किंवा लवकर बंद. सिटी हॉलच्या टूर त्या दिवशी आहेत का, फुकटवाला गाइड येणार आहे का, हे त्यांच्या साइटवर त्याच तारखेला बघा. नेहमीच्या वेळापत्रकावर जाऊ नका.

अर्धविराम
म्हणजे सगळं बंद??? हे आधी कुणी का नाही सांगितलं?

मुळामुठा
तारीख आत्ता दिलीत. 🙏

उत्तरेकडचा
सगळं बंद नाही, घाबरू नका. मी माझ्या आईला ज्या क्रमाने नेलं तोच क्रम सांगतो.

धक्क्यावरून यॅर्डेट मेट्रो, आईंसाठी टॅक्सी केलीत तरी चालेल. लाल लाइन, थेट गामला स्तान. मेट्रोच्या दारावर बँकेचं कार्ड टेकवलं की झालं, तिकीट ७५ मिनिटं चालतं. युरो काढू नका, इथे क्रोनर आहेत आणि रोख फारसं कुणी घेतही नाही. जुन्या शहरात तासभर पुरे, गाइडशिवाय. स्तूरतोरियेतच्या बाकावर आईंना बसवा. शेजारच्या कॅथेड्रलमध्ये १४८९ चा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगनचा लाकडी पुतळा आहे, उघडं असेल तर बाबांना आत सोडा. फिनिश चर्चमागच्या अंगणात जेमतेम पंधरा सेंटिमीटर उंचीचा लोखंडी मुलगा बसलाय, लोक त्याला टोपी-मफलर घालतात. तो पोरीला शोधायला लावा.

मग उतारावरून स्लुसेनला या. तिथून ८२ नंबरची फेरी बोट युरगोर्डन बेटाला जाते. मेट्रोचंच तिकीट चालतं. लाटालहरींची बोटसफर यात फुकट झाली.

आता मुद्दा. तुम्हाला खरी गाइडेड टूर हवी आहे ती तिथल्या वासा म्युझियममध्ये. वासा हे बुडालेलं जुनं लढाऊ जहाज, वर काढून ठेवलंय. तिकिटातच इंग्रजी टूर येते, वेगळे पैसे नाहीत. १८ च्या आतल्यांना तिकीटच नाही. लिफ्ट आहे, जमीन सपाट, बसायला बाकं आहेत. त्या दिवसाच्या वेळा मात्र आधी बघून घ्या. परतीला ६७ नंबरची बस कार्लाप्लानपर्यंत, तिथून एक स्टेशन यॅर्डेट. सव्वातीनला युरगोर्डन सोडा. बोट थांबत नाही.

दप्तरी
वासाला +१. १० ऑगस्ट १६२८, पहिल्याच सफरीत जेमतेम तेराशे मीटर गेलं आणि बंदरातच बुडालं. ६४ तोफा, दोन तोफमजले, वर जड, खाली वजन कमी. त्याआधी डेकवरून तीस खलाशांना इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं हेलकावायला लागलं की अ‍ॅडमिरलने चाचणीच थांबवली, आणि तरी सोडलं! राजा पोलंडकडे लढाईवर, त्याला घाई, त्याला कोण सांगणार? चौकशीत शिक्षा कुणालाच नाही. १९६१ मध्ये वर काढलं तेव्हा बहुतेक लाकूड शाबूत होतं, कारण बाल्टिकचं पाणी मचूळ आहे आणि जहाजं पोखरणारी अळी त्यात जगत नाही. बाबांना सांगा, शिवरायांच्या जन्माच्या सुमारे दीड वर्ष आधीची घटना.

फिरस्ती
म्हणजे म्युझियम. जुनं शहर बघायचंय असं विचारलं होतं.

उत्तरेकडचा
हातात सव्वापाच तास, एक गुडघा, एक नऊ वर्षांची पोर आणि शहर सुट्टीवर. जुनं शहर चुकत नाहीच आहे, फक्त कुणाच्या झेंड्यामागे पळायचं नाही. आणि हो, वासाच्या शेजारीच स्काँसेन आहे, १८९१ पासूनचं खुलं म्युझियम. तिथे त्या दिवशी फुलांचा खांब उभारतात आणि मोठी माणसंसुद्धा बेडकासारख्या उड्या मारत त्याभोवती नाचतात. गर्दी मरणाची असते, पण वेळ उरला तर बघा.

सुगरण
जेवणाचं काय? त्या दिवशी सगळीकडे हेरिंग आणि नवे बटाटे. आई-बाबा शाकाहारी असतील तर तिखटमिठाच्या पुऱ्या करून न्या, चार दिवस टिकतात. पिठात दही घालू नका, तेलाचं मोहन जास्त घाला.

लाटालहरी
हिंगही घाला.

अर्धविराम
धन्यवाद. वासाची तिकिटं ऑनलाइन काढली. बस-बीस काही घेतलं नाही. पुऱ्यांचं आईला सांगितलं, ती म्हणाली हे धाग्यावर विचारायची गरज होती का.

अर्धविराम (सोमवार, २२ जून)
जाऊन आलो. गामला स्तान पाऊण तासात आटोपलं, आईला दगडांवर त्रास झालाच. सांधेदुखी ताई, टोपण नवीन लावलं नव्हतं. लोखंडी मुलगा सापडला, लेकीने केसांतली क्लिप काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. वासाच्या टूरमध्ये बाबा अगदी पुढे. गाइड मुलीला विचारलं, तोफा कुणाच्या सांगण्यावरून वाढवल्या? ती म्हणाली, राजाच्या. बाबा मराठीत म्हणाले, "मग बरोबर, शिक्षा कुणाला करणार." जुन्या शहरातून स्लुसेनला येताना एक शॉर्टकट घेतला तो नेमका पायऱ्यांचा निघाला, ती चूक माझी. स्काँसेन बाहेरूनच बघितलं, तिकिटाला रांग खूप होती. चारला धक्क्यावर पोचलो.

फिरस्ती
गाइडला टिप दिलीत का?

सुगरण
आणि पुऱ्या?

अर्धविराम
जाताना बोटीवर चढल्या चढल्या बाबांनी निम्म्या संपवल्या. उरलेल्या फेरी बोटीच्या रांगेत.