रिओहा, रिबेरा, तोरो: द्राक्ष एकच असेल, तर चवीत एवढा फरक का?

पिसुएर्गाकाठी:
नोकरीनिमित्त गेले आठ महिने मी स्पेनमधील वयादोलिद येथे राहत आहे. येथील बारमध्ये रेड वाइन मागितली की "रिओहा की रिबेरा?" असा प्रतिप्रश्न येतो, आणि तो आपल्याकडच्या "कटिंग की फुल?" इतक्या सहजतेने विचारला जातो. आजवर जे नाव आधी आठवेल ते उच्चारून मी वेळ मारून नेत असे. गेल्या आठवड्यात मात्र एका सहकाऱ्याच्या घरी रिओहा, रिबेरा देल दुएरो आणि तोरो या तिन्ही भागांच्या वाइन एकाच जेवणात चाखण्याचा योग आला. पहिली हलकी आणि किंचित सुक्या खोबऱ्याच्या वासाची होती, दुसरी काळसर आणि करारी होती, तिसरीने तर कच्चे जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळून धरली. बाटल्यांवर द्राक्षांची नावे अनुक्रमे तेम्प्रानियो, तिंतो फिनो आणि तिंता दे तोरो अशी होती. यजमानांच्या म्हणण्यानुसार ही तिन्ही एकाच द्राक्षाची नावे आहेत. तसे असेल, तर एवढा फरक कशाने पडतो, आणि तो ओळखायला शिकायचे तर सुरुवात कोठून करावी?

निफाडची वेल:
आपले यजमान बरोबर सांगत आहेत. स्पॅनिशमध्ये 'तेम्प्रानो' म्हणजे लवकर. हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकते, म्हणून ते तेम्प्रानियो. ला मांचामध्ये त्यालाच सेन्सिबेल म्हणतात आणि कातालोनियात 'उल दे येब्रे', म्हणजे सशाचा डोळा.

आमच्या घरी दोन पिढ्यांपासून द्राक्षबाग आहे, त्यामुळे माझे लक्ष आधी जमिनीकडे आणि रात्रीच्या तापमानाकडे जाते. रिबेराचे मळे समुद्रसपाटीपासून साधारण ७५० ते ९५० मीटर उंचीवर आहेत. तेथे उन्हाळ्यातले दिवस कडक तापतात आणि रात्री झपाट्याने गार होतात. उन्हाने साखर आणि रंग भरतो, तर गार रात्रींमुळे आंबटपणा टिकून राहतो. आपल्याला जाणवलेला करारीपणा बराचसा या दोहोंतून येतो. रिओहाला उत्तरेकडची कांताब्रियाची डोंगररांग अटलांटिकच्या थंड, ओल्या वाऱ्यापासून आडोसा देते, तरीही रिओहा आल्ता आणि रिओहा आलावेसा हे पश्चिमेकडचे भाग तुलनेने थंडच राहतात. शिवाय तेथे तेम्प्रानियोमध्ये गार्नाचा, ग्रासियानो किंवा मासुएलो ही द्राक्षे मिसळण्याची जुनी रीत आहे. खोबऱ्याचा वास द्राक्षाचा नव्हे, पिंपाचा आहे. रिओहात २२५ लिटरची अमेरिकन ओकची पिंपे पूर्वापार वापरात आहेत आणि व्हॅनिला-खोबऱ्याची छटा ती देतात.

तोरोबद्दल मात्र मला थोडे अधिक लिहावेसे वाटते. आपल्याकडे वेल डॉगरिजसारख्या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या जातीच्या मुळांवर, कलम करून लावतात. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीने मळेच्या मळे उद्ध्वस्त केले, तेव्हापासून तेथेही या किडीला दाद न देणारा अमेरिकन खुंट आला. ही कीड वाळूत तग धरत नाही, आणि तोरोत वाळूची जमीन पुष्कळ असल्याने कलमाविना स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या जुन्या वेली तेथे अजून सापडतात. त्यांना मंडप नाही, तारा नाहीत. एकमेकींपासून लांब लांब लावलेली बुटकी झुडपेच म्हणा ना. घड थोडे, मणी लहान, साल जाड आणि ऊन भरपूर. मग जीभ आवळली नाही तरच नवल.

सावकाश घोट:
वरील उत्तर उत्तम आहे, पण "रिओहा की रिबेरा" या प्रश्नातच अडकून राहिल्यास स्पेनचा मोठा भाग पाहायचा राहून जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. बिएर्सो या भागातील मेन्सिया द्राक्षाची वाइन घ्या: वासाला फुलांची आणि ओल्या दगडाची आठवण देणारी, तेम्प्रानियोहून अगदी निराळ्या स्वभावाची. आग्नेयेला हुमियात मोनास्त्रेल आहे, उन्हात भाजलेली आणि मनुकांसारखी दाट. कातालोनियातील प्रिओरातमध्ये 'यिकोरेया' नावाच्या काळ्या पाटीच्या दगडात गार्नाचा आणि कारिन्येनाच्या जुन्या वेलींची मुळे खोल उतरलेली असतात आणि एका वेलीला मिळणारे पीक फारच थोडे असते. ही वाइन महाग आहे. परवडेल तेव्हाच घ्यावी.

आणखी एक गैरसमज दूर करतो. क्रिआन्सा, रेसेर्वा आणि ग्रान रेसेर्वा हे लेबलवरचे शब्द दर्जा नव्हे, किमान मुरवणीचा काळ सांगतात. रिओहात क्रिआन्साला किमान २ वर्षे, त्यांपैकी १ पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षे, त्यांत किमान १ पिंपात. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षे, त्यांत २ पिंपात आणि २ बाटलीत. पाठीमागच्या शिक्क्याचा लाल रंग क्रिआन्साचा आणि निळा ग्रान रेसेर्वाचा असतो. निळा शिक्का पाहून हुरळून जाऊ नये, कारण जमिनीचा फरक शिकायचा असेल तर पिंपाचा वास जितका कमी तितके बरे. त्यासाठी तिन्ही भागांच्या, शक्यतो एकाच वर्षाच्या क्रिआन्सा निवडाव्यात.

विदर्भाचे ऊन:
मी केवळ तापमानाबद्दल लिहितो. नागपुरात एप्रिल महिन्यात कपाटातून काढलेली रिओहा मी तशीच पाहुण्यांना दिली होती, आणि सर्वांना नाकात झोंबणाऱ्या स्पिरिटपलीकडे काही लागले नाही. 'खोलीचे तापमान' ही युरोपातल्या थंड घरांची भाषा आहे. १६ ते १८ अंश पुरेसे आहेत, मेन्सियाला १४ सुद्धा चालतील.

पिसुएर्गाकाठी:
सर्वांचे आभार. काल तीन क्रिआन्सा एकाच आकाराच्या ग्लासांत ओतून, रिओहापासून तोरोपर्यंत क्रमाने चाखल्या. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरके धरल्यावर रिओहाच्या कडेला विटकरी झाक दिसली. तोरो कडेपर्यंत जांभळी होती. नंतर लाकडाच्या भट्टीत भाजलेले लेचासो, म्हणजे दूधपित्या कोकराचे मांस, आले. त्या चरबीबरोबर तोरोचा तुरटपणा इतका निवळला की बाटली उलटून मी लेबल पुन्हा तपासले. बिएर्सोची बाटली आणून ठेवली आहे. शनिवारी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून उघडेन.