चार माग भंगारात आणि म्हणे व्ही आकाराची उसळी!

मागवाला
तेजीमंदी यांनी काल लिहिलं, "कोविडने अर्थव्यवस्थेचं काही वाकडं झालं नाही, व्ही आकाराची उसळी आली, म्हणजे जितकं झपाट्याने पडलं तितकंच झपाट्याने वर आलं, दोन वर्षांत सगळं भरून निघालं, रडणारे रडतच राहणार." तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

२०२० च्या एप्रिल-जूनमध्ये जीडीपी २३.९ टक्के घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्के वाढला आणि तुम्ही पेढे वाटलेत. अहो, १०० चे ७६ झाले. ७६ वर २० टक्के म्हणजे ९१. वरचे नऊ कुठे गेले?

इचलकरंजीत माझ्या मेव्हण्याचे आठ साधे यंत्रमाग. खर्चीवाला माणूस, म्हणजे व्यापाऱ्याच्या सुताचं कापड मजुरीवर विणून देणारा. २४ मार्चला रात्री आठला भाषण झालं तेव्हा बीम (सुताचे रूळ) मागावर चढलेले होते, ते तसेच राहिले. कामगार गावाला गेले, कसे गेले ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. माग सुरू करायला गेला तर माणसं नाहीत, आणि व्यापारी म्हणतो जुनी मजुरी नंतर बघू, नवीन दर कमी. जरा बसतंय तोवर एप्रिल २०२१, 'ब्रेक द चेन'. त्या दिवाळीआधी चार माग किलोवर भंगारात गेले. तेही धरले असतील जीडीपीत!

तेजीमंदी
जुनं भंगार जीडीपीत धरत नाहीत, एवढं तरी वाचून या.
मेव्हण्याचं वाईट वाटलं. पण एक मेव्हणा म्हणजे देश नव्हे. साधे माग शटललेसपुढे (बिनधोट्याच्या वेगवान नव्या मागांपुढे) आधीच धापा टाकत होते, करोना निमित्त. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला, २१ जानेवारी २०२१ ला त्याने ५०,००० ओलांडले. सगळे गुंतवणूकदार आंधळे होते का?

आकडेमोड
आंधळे नव्हते, ते दुसरीकडे बघत होते. जीडीपीच्या तिमाही अंदाजात तेव्हा असंघटित धंदे वेगळे मोजत नव्हते, बराचसा अंदाज मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून बांधत होते. म्हणजे यांच्या मेव्हण्याचं गिऱ्हाईक मोठ्या मिलने पळवलं, तर कागदावर मिल वाढली आणि तिच्या मागोमाग मेव्हणाही वाढला!

तेजीमंदी
मग शेतीचं काय? २०२० च्या त्याच एप्रिल-जूनमध्ये ३.४ टक्के वाढ. ८० कोटी लोकांना फुकट धान्य, रोजगार हमीवर वर्षात एक लाख कोटींच्या वर खर्च. ते मात्र सोयीस्कर विसरायचं.

बेदाणा
शेती वाढली, हो. आमच्या बागेला येऊन विचारा. द्राक्ष उतरायला आलेली, व्यापारी फोन उचलेना, शेवटी सगळं बेदाण्यासाठी शेडवर वाळत टाकलं. त्यात पुण्याहून दोन भाऊ बायकापोरांसकट परत. दोन एकरात काम तिघांचं, राबायला सातजण.

आकडेमोड
हेच देशभर झालं. शेतीवर अवलंबून कामकरी २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होते, २०२०-२१ मध्ये ४६.५. विकसनशील देशात माणसं शेतीतून कारखान्याकडे जायची, ती गाडी उलटी चालली की असं दिसतं. रेशन आणि रोहयोने उपासमार टाळली, हे मान्य. अगदी नाइलाजाने मान्य.

सिंहगडरोड
सरकारला शिव्या घालणाऱ्यांनी आपण काय केलं तेही सांगावं. आम्ही कामाच्या मावशींना चार महिने घरबसल्या पगार दिला.

खवचट
पूर्ण?

सिंहगडरोड
निम्मा. माझाही पगार ३० टक्के कापला होता, ते कोणी विचारत नाही.

खवचट
म्हणजे तुमचे ३० कापले, तुम्ही तिचे ५० कापलेत. उद्योगपतीसुद्धा एवढं मार्जिन ठेवत नाहीत.

सिंहगडरोड
तोंड सांभाळून. तुम्ही किती दिलेत?

खवचट
आमच्याकडे बाई नाही. भांडी मीच घासतो, २००९ पासून.

नीरा
मी शक्यतो फक्त वाचते, पण आता लिहिते. माझी आई 'कामाच्या मावशी'. पाच घरं होती. दोघांनी पूर्ण पगार दिला, एकाने एकच महिना, दोघांनी फोन घेतला नाही. सोसायटीच्या गेटवर पाटी, कामवाल्यांना प्रवेश नाही. गेट उघडल्यावर एका घरातून कळलं, आम्ही भांड्यांचं मशीन घेतलं, आता नको. बचत गटाच्या कर्जाला मोरॅटोरियम मिळाला, म्हणजे हप्ता थांबला, व्याज चालूच. उसळीची वाट बघत आईने मंगळसूत्रातले मणी तेवढे ठेवले, वाट्या गहाण टाकल्या. अजून एक सोडवायची आहे.

सिंहगडरोड
माझ्या आईला दमा. बाहेरचं माणूस घरात कसं घेणार होतो? धागा अर्थव्यवस्थेचा आहे की माझ्यावर खटला? निघतो मी.

बेदाणा
दम्याचं पटतं. निम्म्याचं नाही पटत.

मागवाला
नीराताई, मेव्हण्याच्या आठ मागांपेक्षा तुमची एक वाटी तेजीमंदींना जास्त समजेल अशी आशा.

तेजीमंदी
नीराताईंबद्दल आदर आहे. तरी एकेकाच्या कहाण्यांनी धोरण ठरत नाही. बरं, ९१ म्हणा, १०० नाही. खूश? पण कडक बंदी केली नसती तर मेलेले कोणत्या खात्यात धरले असते, तेही लिहा.

मागवाला
बंदी नको असं मी कुठे म्हटलं? बंदीच्या काळात मजुरी कोणी द्यायची, एवढंच विचारतोय. दुकानदाराला बँकेतून उचलायला कर्ज, मागवाल्याला ३ लाख कोटींच्या कर्ज-हमी योजनेचं नाव. ज्याच्याकडे आधीचं कर्ज होतं त्यालाच पुढचं. मेव्हण्याने कधी कर्ज काढलं नव्हतं, त्याची शिक्षा!

सिंहगडरोड
(परत आलो.) ऑगस्टपासून पूर्ण पगार देतोय आणि दोनदा वाढवलाय, हे कोणी विचारलं नाही.

खवचट
विचारलं. मागचे चार निम्मे दिलेत का?

चहाटळ
अवांतर: ते भांड्यांचं मशीन कढई घासतं का? घ्यायचं चाललंय.