दारू पिऊन आलेल्याला निवाऱ्यात घ्यायचं का गेटवरूनच हाकलायचं?

मोंढ्यावरचा
आमच्या भागात (छत्रपती संभाजीनगर) पुरुषांसाठी बेघर निवारा केंद्र काढायचं घाटतंय आणि कॉलनीच्या ग्रुपवर त्यावरून राडा चालूय. लोकांच्या दोन अटी आहेत, पिलेल्याला आत घ्यायचं नाही आणि रात्री दहाला गेट बंद. मला दोन्ही अटी पटत नाहीत, म्हणून इथं लिहितोय.

आधी गेटचं बोलू. या निवाऱ्यात येणारे सगळे भिकारी असतात हा समजच डोक्यातून काढा. लग्नसराईत केटरर्सकडं वाढपी म्हणून जाणारी, मोंढ्यात पोती उचलणारी, सकाळी मजूर अड्ड्यावर उभी राहणारी ही माणसं आहेत. बीड, हिंगोली, परभणीच्या खेड्यातून आलेली. वाढप्याचं काम पंगत उठून भांडी आवरेपर्यंत संपत नाही, रात्रीचा एक वाजतो, तेव्हा तुमच्या दहाच्या गेटचं त्यानं काय करायचं? तो स्टँडवरच झोपणार, आणि झोपेत खिसा कापला की मोबाईल गेला, आधार गेलं. नंबर बंद म्हणून ओटीपी येत नाही, ओटीपी नाही म्हणून बँकेचं काम अडलं.

केंद्र सरकारचं शहरी उपजीविका अभियान 2013 ला आलं, त्यात स्पष्ट लिहिलं होतं की दर एक लाख लोकसंख्येमागं 100 माणसांचा एक कायमचा निवारा पाहिजे, बारा महिने चोवीस तास. 2011 च्या जनगणनेत आपलं शहर पावणेबारा लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्याच हिशोबानं अकरा पाहिजेत, आणि आपण एकावरून भांडायलोत.

गारखेड्याची आई
दादा तुमचं म्हणणं वाचलं, पण माझी मुलगी क्लासवरून नऊला त्याच गल्लीतून येते. माणूस गरीब आहे म्हणून माझा राग नाही, पण पिऊन झिंगत उभा राहिलेला माणूस गरीब का श्रीमंत हे ती पोरगी बघत बसणार का? आणि आत झोपलेल्यांचं काय? दिवसभर राबून आलेल्या म्हाताऱ्याच्या शेजारी कुणी ओकत, शिव्या देत पडलं तर त्याची झोप ती झोप नाही का? नियम पाहिजेतच. माझा विरोध आहे आणि राहणार.

सिस्टर_परभणी
मी वॉर्डात नाईट करते म्हणून लिहितेय. दारूनं अंगातली उष्णता लवकर निघून जाते, पिणाऱ्याला मात्र गरम वाटतं, त्यामुळं तो अंगावरचं काढून टाकतो. आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत पारा पाचच्या खाली गेलेला सगळ्यांनी पाहिलाय, अशा रात्री पिलेला माणूस उघड्यावर सोडणं म्हणजे त्याला मरायला सोडणं. दुसरं असं की रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून चालत नाही. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या एकदोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढं भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, आणि वेळेत उपचार नाही मिळाले तर जीव जातो. म्हणून निवारा दवाखान्याला जोडलेला पाहिजे आणि थरथर सुरू झालेल्याला सरळ तिकडं न्यायला पाहिजे. गेटवर नुसतं तोंडाचा वास घेऊन हाकलणारा माणूस ठेवून काय होणार?

लातूरची ताई
सगळे त्या माणसाचंच बोलायलेत, त्यानं मागं सोडलेल्या बाईचं कुणी बोलेल का? माझ्या नात्यातलीच गोष्ट आहे. नवऱ्यानं दारूपायी जमीन गहाण टाकली, बायकोनं दोन लेकरं घेऊन ऊसतोडीला जाऊन ती सोडवली, हा गेला शहरात. उद्या त्याला फुकट गादी, चहा, वरून पिऊन आला तरी चालतंय? तिला कुणी काय दिलं? दया करायचीच तर आधी तिच्यावर करा, मग इकडं बघू.

मोंढ्यावरचा
ताई, तुमचा राग शंभर टक्के खरा आहे, त्या बाईला हक्काचं मिळायलाच पाहिजे, त्यासाठी मी तुमच्यासोबत भांडायला तयार आहे. पण तो फूटपाथवर मेला तर तिचं काय भलं होणार? आणि सगळे तसले नसतात. पाय मोडून काम सुटलेले आहेत, डोक्यावर परिणाम झालेले आहेत. रस्त्यावर फिरणाऱ्या अशा माणसाला चोवीस तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं हे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पोलिसांवर टाकलंय, पण तो दिसला तर पाहिजे ना कुणाला. निवाऱ्यात दिसतो.

नांदेडकर
जेवणाची काळजी आमच्या गावात तरी नाही, गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, कुणी जात-पात, नाव-गाव विचारत नाही. अडतंय ते कागदांवर. मान्यताप्राप्त निवाऱ्याचा प्रमुख सही देऊ शकतो, त्या सहीवर आधारचा पत्ता होतो. मतदार यादीसाठी तर बीएलओनं (यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं) रात्री येऊन माणूस सांगितलेल्या जागी झोपतो का एवढंच बघायचं असतं. मग बँक खातं, निराधार योजनेचा अर्ज. नुसत्या गाद्या टाकून कुलूप लावणार असाल तर खरंच काढू नका.

गारखेड्याची आई
सिस्टरचं वाचून पिलेल्यांसाठी वेगळी खोली असावी हे पटलं. पण मग रात्रपाळीला दोन माणसं पाहिजेत, एकटा केअरटेकर कुणाकुणाला आवरणार? आणि शाळेला लागून नको. हे लेखी द्या, नाहीतर आमच्या सह्या विरोधातच जातील. अजूनही माझं मत आहे की शहराबाहेर मोकळ्या जागेत काढावं.

मोंढ्यावरचा
दोन माणसं, वेगळी खोली, शाळेपासून लांब, तिन्ही मान्य. शहराबाहेर मात्र नाही. रात्री एकला वाढप्याला बाहेर जायला रिक्षा कोण देणार, दिवसाची मजुरी रिक्षातच जाईल. घाटी दवाखाना, स्टँड, मोंढा या पट्ट्यात चालत जाता येईल अशी जागा पाहिजे. मनपाच्या रिकाम्या इमारती तिकडं आहेत का बघायला वॉर्ड ऑफिसला अर्ज टाकतोय, तुमची लेखी अट त्याच अर्जात घालतो, सही कराल का?

गारखेड्याची आई
अर्ज आधी दाखवा. वाचून सांगते.