भांडण राजाचं, वाळीत मात्र अख्खा देश?

पडवी:
मध्ययुगीन चर्च म्हणजे शाळा, दवाखाने, गोरगरिबांचा आधार, असं कौतुक हल्ली फार वाचतो. मला ते पटत नाही. कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडमधला सर्वोच्च धर्मगुरू कोण, यावरून इंग्लंडचा राजा जॉन आणि पोप तिसरा इनोसंट यांचं बिनसलं. पोपनं नेमलेल्या स्टीफन लँग्टनला जॉन देशात येऊ देईना. मार्च १२०८ मध्ये पोपनं सगळा देशच वाळीत टाकला. लोकांसाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) बंद, पवित्र दफनभूमीत पुरणं बंद. सहा वर्षं! मेलेल्यांना रस्त्याकडेला, चरांत पुरल्याचं तेराव्या शतकातला इतिवृत्तकार लिहितो. त्या रयतेनं काय घोडं मारलं होतं?

खलबत्ता:
बाळांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्यांचं पापनिवेदन चालू होतं, ते गाळलंत. शिवाय राजाला वेसण घालणारं दुसरं होतं कोण? १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री इटलीतल्या कनोसा किल्ल्याच्या दारात तीन दिवस उभा राहिला, तो पोपनं घातलेला बहिष्कार उठावा म्हणूनच. (तो प्रसंग मला जरा नाटकीच वाटतो, पण असो.)

पडवी:
वेसण? जॉननं तर या काळात चर्चच्याच जमिनी जप्त करून उत्पन्न खाल्लं. १०८६ च्या डूम्सडे या सरकारी जमीन-पाहणीच्या नोंदींनुसार इंग्लंडची साधारण पाव जमीन चर्चकडे होती, म्हणजे घबाडच. वर पिकाचा दहावा हिस्सा रयतेकडून वेगळा. शेवटी १२१३ मध्ये जॉन पोपचा मांडलिक झाला, वर्षाला १००० मार्क (तेव्हाचं हिशेबाचं चलन) कबूल करून. याला न्याय म्हणायचं की सौदा?

चौथा बाक:
तुम्ही दोघंही 'चर्च' असं एकवचनात बोलताय. मुळात भांडण पेटलं ते कँटरबरीच्या मठवासींनी गुपचूप आपला माणूस निवडला म्हणून. राजानं आपला पुढे केला, पोपनं दोघांनाही उडवून तिसरा आणला. त्या दहाव्या हिश्श्याचंही तेच: पुष्कळदा मोठा वाटा मठाकडे, गावच्या धर्मगुरूच्या पदरात उरलंसुरलं.
आणि १२१५ बघा. सरदार आणि राजा यांच्यात मध्यस्थी करणारा लँग्टन. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेचं पहिलंच कलम चर्चच्या स्वातंत्र्याचं. ऑगस्टमध्ये ती सनद रद्द कोणी केली? याच इनोसंटनं, कारण जॉन आता त्याचा मांडलिक! सरदारांना बहिष्कृत करायला लँग्टन तयार होईना, तर त्यालाच निलंबित केलं. आता यातलं चर्च कुठलं?

खलबत्ता:
माझ्या मते लँग्टनचं.

पडवी:
आणि ज्यांना चरांत पुरलं, त्यांना कुठलं भेटलं?