‘नेफेश’ म्हणजे आत्मा की जीव?

प्रश्न – शनिवार पेठेतील वाचक

आमच्या वाचनमंडळात सध्या बायबलमधील पहिले, उत्पत्तीचे पुस्तक चालू आहे. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि माणूस, मूळ हिब्रू शब्दांत, ‘नेफेश हय्या’ होतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात येथे ‘जिवंत आत्मा’ या अर्थाचे शब्द आहेत. मात्र पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात जलचरांनाही हिब्रूत हेच दोन शब्द लावलेले असून तेथे त्याच भाषांतराने ‘आत्मा’ टाळला आहे. मग माशांनाही आत्मा आहे असे मानावे काय? जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर – हिब्रूचा विद्यार्थी, डेक्कन

आपली शंका रास्त आहे. ‘नेफेश’चा एक जुना आणि अगदी शारीरिक अर्थ ‘घसा’ असा आहे. बायबलमधीलच यशयाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात अधोलोक आपला ‘नेफेश’ रुंदावतो, म्हणजे गिळण्यासाठी घसा पसरतो. एकोणसत्तराव्या स्तोत्राच्या आरंभी कवी म्हणतो की पाणी ‘नेफेश’पर्यंत चढले आहे, गळ्याशी पाणी आले असे आपणही म्हणतोच, त्यामुळे या ओळीसाठी मराठी वाचकाला टीपेची गरज पडू नये. घशातून श्वास जातो, अन्न जाते, तहान तेथेच लागते. म्हणून हाच शब्द प्राण, भूक, इच्छा आणि अखेर खुद्द ती व्यक्ती, इथवर पसरला. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात याकोबाच्या वंशातील माणसांची मोजणी सत्तर ‘नेफेश’ अशी केली आहे. ‘गणना’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तर प्रेतालाही ‘नेफेश’च म्हटले आहे, आणि तेथे अमर आत्म्याचा अर्थ कसाही बसवता येत नाही.

माझ्या मते ‘जीव’ हाच शब्द सर्वांत जवळचा आहे. जीव जातो, जीव लागतो, जीव कासावीस होतो, आणि घरात खाणारे चार जीव असतात. मासाही जीवच.

उत्तर – रास्ता पेठेतील बेने इस्राएल (मराठी ज्यू)

वरील विवेचनास स्वयंपाकघरातील एक पुरवणी जोडतो. लेवीयाच्या सतराव्या अध्यायानुसार देहाचा ‘नेफेश’ रक्तात असतो, म्हणून रक्त खाण्यास मनाई आहे. याच कारणाने मांस सुमारे अर्धा तास पाण्यात भिजवून, नंतर तासभर मीठ लावून निथळत ठेवण्याची आणि मग नीट धुऊन घेण्याची रीत आहे. येथे ‘आत्मा’ वाचला तर नियमाचा रोखच हरवतो. तसेच ‘पिकुआख नेफेश’, म्हणजे जीव वाचवणे, यासाठी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचे, निर्बंधही बाजूला ठेवावे लागतात. त्यातही प्रश्न धडधडत्या जिवाचाच असतो.

प्रतिप्रश्न – शनिवार पेठेतील वाचक

दोघांचेही आभार. परंतु उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायात याकोबाची पत्नी राहेल मरते तेव्हा तिचा ‘नेफेश’ निघून जातो. देह सोडून जाणारे काहीतरी वेगळे असल्याशिवाय असे कसे लिहिले जाईल?

उत्तर – हिब्रूचा विद्यार्थी, डेक्कन

‘तिचा जीव गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो कोठे गेला हे कोणी विचारत नाही. त्या वाक्यातही त्याहून अधिक नाही. देहापासून सुटणाऱ्या आत्म्याची छटा गडद झाली ती मुख्यतः ग्रीक भाषांतरानंतर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून झालेल्या त्या भाषांतरात ‘नेफेश’साठी बहुतेक ठिकाणी ‘प्सुखे’ हा शब्द आला, आणि प्लेटोच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाने त्यात देहाहून निराळा, अमर आत्मा वाचला. आपल्याकडे ‘आत्मा’ लिहिले की वेदान्त असाच डोकावतो. शिवाय ‘रुआख’साठी, म्हणजे वारा, श्वास किंवा देवाचा आत्मा यांसाठी, मराठीत ‘आत्मा’ आधीच खर्ची पडलेला आहे; तोच शब्द ‘नेफेश’लाही दिला तर मूळचे दोन शब्द वाचकाला वेगळे ओळखताच येणार नाहीत.